पट्टीखालचा रंग

कात्री चालता चालता थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला हवी होती तेव्हा झाली नाही. घडलं म्हणायचं तर एवढंच. रविवारची सकाळ होती. दुकानाचं दार सताड उघडं होतं, त्यातून समुद्रावरचा वारा येत होता आणि वाऱ्यामागोमाग इथला तो ठरलेला उजेड, पांढरा, दाट, कुणाला न विचारता घरादारात शिरणारा. तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता. नेहमीचा न्हावी आजारी होता आणि त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ आला होता. हा फार बोलत नव्हता, पण हात हलका होता. सुरुवातीला त्याने एवढंच विचारलं होतं, "मागून किती ठेवायचे?" नेहमीच्या न्हाव्याला हे विचारावं लागत नसे. मागून लांब ठेवायचे, कॉलरला टेकतील एवढे, हे त्याला पाठ झालं होतं. पण उकाड्याने मान चिकचिकत होती आणि विचारलंच आहे तर, म्हणून तो म्हणाला होता, "चांगले बारीक करा." गरम हवेत माणूस असा एखादा निर्णय घेऊन टाकतो, त्याला फार कारण लागत नाही.

"साहेब, हे कधीपासून आहे?" न्हाव्याने विचारलं.

"काय?"

"मानेवर. कानाच्या मागे, जरा खाली. तीळ म्हणावा तर तीळ नाही हा. डाग आहे."

न्हाव्याने बोट जवळ नेलं असावं, कारण मानेवर ऊब जाणवली, पण बोट टेकलं नाही. हे न टेकणं त्याच्या लक्षात राहिलं. "मागच्या वेळी तुमच्या भावाचा वस्तरा लागला असेल," तो हसत म्हणाला. "वस्तऱ्याचं नाही हे," न्हावी म्हणाला, आणि तो हसला नाही. त्याने भिंतीवरचा हातआरसा काढून मागे धरला. पुढच्या आरशात मागचा आरसा आला आणि त्यात कुणा परक्या माणसाची असावी अशी एक मान आली. आपली मान आपण कधी बघत नाही, ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वाधीन असते. नखाएवढा डाग होता. अर्धा तपकिरी, अर्धा त्याहून काळा. कडा सरळ नव्हत्या. टेबलावरच्या कापडावर चहा सांडला की तो जसा वाटेल तिकडे थोडा थोडा सरकतो, तशा त्या सरकलेल्या होत्या. तो रंगाच्या धंद्यातला माणूस. त्याच्या डोळ्यांनी त्याला न विचारताच काम सुरू केलं. दोन छटा आहेत, नाही, तिसरीही आहे, कडेला, लालसर.

"घरात कोणी बघितलं नाही का?" न्हाव्याने विचारलं. आज नळाला पाणी आलं नाही का, अशा सुरात. उत्तराची वाट न बघता त्याने आरसा काढून घेतला आणि मानेवर पावडरचा ब्रश फिरवला, डागाला वळसा घालून, कडेकडेने.

बाहेर ऊन तसंच होतं. या शहरात घाबरायचीसुद्धा सोय नाही. दुसरीकडे माणसाला धास्ती वाटली की आभाळ तरी साथ देतं, ढग येतात, दिवस लवकर मावळतो, खिडकी लावून घेऊन गप्प पडून राहता येतं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी, निळी, गुलाबी घरं उन्हात दात काढून उभी. गॅलऱ्यांमध्ये चादरी तासाभरात कडक वाळतात. अर्ध्या चड्डीतली म्हातारी माणसं कुत्र्यांना फिरवतात आणि अनोळखी माणसालाही हात करतात. चेहरा पाडून चाललात तर लोकांना वाटतं याचे बूट चावत असतील. लोक पैसे साठवून इथे आठ दिवस राहायला येतात, जाताना शिंपले नेतात, आणि तो इथे कायमचा राहतो म्हटल्यावर त्याच्याकडे असे बघतात की त्याने काहीतरी लबाडी करून हे मिळवलं असावं. त्यांना कोण सांगणार की इथे कुलूप सहा महिन्यांत गंजून किल्लीला ओळख देईनासं होतं, पडद्याची खिडकीकडची बाजू पांढरी पडते, पुस्तकांच्या पाठीवरची नावं पुसली जातात, खारा वारा कपाटातल्या टाचणीपर्यंत पोचतो. इथे काहीही तसंच राहत नाही, आणि हे सगळं हसतखेळत होतं. त्याने हात मानेवर ठेवला होता. ऊन डागावर पडू नये म्हणून, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो चौकात पोचला होता. समोरून कोपऱ्यावरचा पाववाला येत होता. त्याने विचारलं, "मान धरली काय?" तो म्हणाला, "हो, उशी बदलली." आणि त्या खोट्या उशीचा त्याला एवढा आधार वाटला की घरापर्यंत तो मान खरंच अवघडल्यासारखा चालला.

घरात कोणी बघितलं नाही का. घरात एकच माणूस होतं. रोज सकाळी तो निघाला की ती मागून यायची आणि त्याची कॉलर नीट करायची. लग्न झाल्यापासूनची सवय. आधी कॉलर उलटायची, आतून बोट फिरवायचं, मग बसवायची. रोज सकाळी तिची नजर त्या जागेपासून वीतभर अंतरावर असायची. म्हणजे तिला दिसलं नसणं शक्य नव्हतं. किंवा दिसलं असून तिला ते काहीच वाटलं नव्हतं. किंवा. तिथे त्याचा विचार थांबला, आणि तो थांबला हे त्याला कळलं, आणि मग जिना चढताना त्याला कठड्याला हात लावावासा वाटेना, कारण तो कठडाही आतून गंजत चालला होता.

जुन्या शहरात तिच्या छातीत मांजर राहायचं. म्हणजे ते दोघं तसं म्हणायचे. "आज मांजर आलंय," ती सकाळी म्हणायची, आणि श्वासागणिक आतून ती बारीक घुरघुर, शिट्टीसारखी, ऐकू यायची. डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत ते शहर होतं. धुरांड्यांचा धूर वर जायला बघायचा आणि कंटाळून परत रस्त्यांवर बसायचा. भिंतींना ओल, कपड्यांना ओल, अंथरुणाला ओल. ती दोन उशांवर टेकून बसून झोपायची आणि तो शेजारी पडून तिचा श्वास ऐकायचा, आत गेला, आता बाहेर येतोय, आला. त्या वर्षांत तो एवढंच शिकला, दुसऱ्याच्या श्वासावर कान ठेवून जगायला. ती शाळेत मुलांना गाणं शिकवायची. एक ओळ म्हणून दाखवायची तर मध्येच तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळायची. मुलांना वाटायचं बाई रडताहेत. शेवटी तिने शाळा सोडली. तिथला डॉक्टर म्हणाला होता, "औषधं मी देईन, पण खरं औषध माझ्या कपाटात नाही. समुद्राकाठी जा. ऊन आहे तिथे जा." डॉक्टरला काय, त्याने सांगून मोकळं व्हायचं. पण कंपनीचं समुद्राकाठी काम होतं, आणि ते कुणालाच नको होतं, त्यामुळे मागितल्याबरोबर मिळालं. ते इथे आले. पहिल्या थंडीतच, ज्याला इथले लोक थंडी म्हणतात त्यात, ती एक दिवस बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी गात आले." तिलाच ते वर पोचल्यावर कळलं होतं. मांजर गेलं होतं. मग तिला इथे शाळा मिळाली, आणि आता तर ती भांडी घासतानासुद्धा एकेक सूर असा लांब धरायची की तो आतल्या खोलीत वर्तमानपत्र खाली ठेवून तो संपायची वाट बघत बसायचा.

आताही ती गातच होती. दार उघडताना आवाज आला, मग ती वळली, आणि आवाज मध्येच थांबला.

"एवढे बारीक केलेत?"

"उकडत होतं."

"मागून लांबच ठेवा म्हटलं होतं ना मी."

"न्हावी दुसरा होता."

"दुसरा असला तरी सांगायचं होतंत. लांब छान दिसतात." ती हात पुसत जवळ आली. तो मुद्दाम पाठमोरा होऊन चपला काढू लागला, वाकला, मान पुढे केली. त्याला वेळ द्यायचा होता तिला. चपलेचा बंद सुटायला लागत नाही एवढा वेळ त्याने तो सोडवला. मागे काही हललं नाही. मग ती म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली. त्या दिवशी तिने पुन्हा गाणं धरलं नाही, हेही त्याने ऐकलं.

एकदा गाठ सुटली की धागा आपोआप ओढला जातो. मागच्या वर्षी तिने त्याच्यासाठी ती रुंद काठाची टोपी आणली होती, मागून कापड लोंबणारी. तो म्हणाला होता, "ही घालून मला काय शेतात बुजगावणं म्हणून उभं करतेस?" आणि ती हसली होती, पण टोपी रोज खुंटीवरून काढून हातात देत होती. मग उंच, कडक कॉलरचे शर्ट. बिनकॉलरचे सगळे तिने पुसायला काढले. "आता तुम्ही साहेब झालात," ती म्हणाली होती, आणि त्याला ते आवडलं होतं, मूर्खासारखं आवडलं होतं. आणि केस. "मागून जरा वाढवा, भारदस्त दिसतं." चाळिशी उलटलेल्या माणसाला बायकोने भारदस्त म्हटल्यावर तो काय शंका घेणार. तो बाथरूममध्ये उभा होता, तिचा छोटा आरसा मागे धरून, मोठ्या आरशात बघत, आणि मान आरशात येत होती आणि जात होती. तिने झाकलं होतं. त्याच्या डागावर तिने पट्टी लावली होती, केसांची, कॉलरची, कापडाची, आणि ती पट्टी उन्हाविरुद्ध होती की त्याच्याविरुद्ध हे त्याला ठरवता येईना. बाहेरून तिने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "साबण गेला डोळ्यात."

त्याचं कामच पट्टीचं होतं. कंपनी रंग बनवायची, भिंतींचे, बोटींचे, फाटकांचे, आणि रंग किती टिकतो हे कारखान्यात कळत नाही, उन्हातच कळतं. म्हणून समुद्रासमोरच्या एका इमारतीची गच्ची कंपनीने घेतली होती. तिथे तिरप्या चौकटींवर हाताच्या पंजाएवढे पत्रे ओळीने लावलेले असायचे, प्रत्येकावर वेगळा रंग, सगळ्यांची तोंडं सूर्याकडे. प्रत्येक पत्र्याचा अर्धा भाग घट्ट पट्टीने झाकलेला. उघडा भाग ऊन खायचा, खारं वारं खायचा. हंगाम संपला की पत्रा खाली न्यायचा आणि पट्टी काढायची. खाली मूळचा रंग, शेजारी उन्हाचा रंग. दोन्हींमधला फरक म्हणजेच सगळं काम. कारखान्यातले लोक या नोकरीला तव्यावरची नोकरी म्हणायचे, आणि खरंच, दुपारी त्या गच्चीवर उभं राहिलं की आपली एक बाजू झाली, आता उलटावं, असं वाटायचं.

हे काम त्याला वस्तादांनी शिकवलं. सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. त्यांचे नियम दोनचारच होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. पत्र्याला हात लावायचा नाही. एका नजरेत निकाल द्यायचा नाही, शंका असेल तर अजून एक हंगाम द्यायचा. रंग बघताना पत्रा खिडकीशी, सरळ उजेडात धरायचा, आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. आणि दोघांनी बघायचं, आळीपाळीने, पण ज्याने आधी बघितलं त्याने लगेच तोंड उघडायचं नाही. "पटकन जो बोलतो ना," वस्ताद म्हणायचे, "तो पत्रा बघून बोलत नसतो, तुझं तोंड बघून बोलत असतो." वस्तादांचे हात, मान, कान, सगळं उन्हाने चामड्यासारखं झालं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. "मी कंपनीचा सगळ्यात जुना पत्रा आहे," ते म्हणायचे. एका वर्षी त्यांच्या कानाच्या पाळीवर एक खपली दिसली. "काही नाही रे, दाढी करताना लागलं." खपली पडायची आणि परत यायची. "देऊ अजून एक हंगाम," ते हसून म्हणाले होते, आणि तोही हसला होता. मग एक दिवस ते कानाला मोठं बँडेज बांधून आले, मग रजेवर गेले, मग त्यांच्या खुर्चीवर पत्र्यांची खोकी ठेवायची सवय लागली. या गोष्टीकडे त्याने आजवर बघितलं नव्हतं. आता ती समोर येऊन बसली आणि हलेना.

डॉक्टरकडे जायचं हे तर उघड होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण डॉक्टर काय म्हणणार तेही उघड होतं. उन्हात उभं राहायचं नाही. आणि उन्हात उभं राहायचं नाही म्हणजे गच्ची नाही, आणि या शहरात कंपनीचं गच्चीशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणजे परत कारखान्यात, परत त्या डोंगरांच्या खोलगट जागेत, दोन उशा, खिडकीवर ओल, आणि मांजर. त्याची मान की तिची छाती, असा तो हिशेब होता आणि तो कसाही मांडला तरी तसाच येत होता. ती इथे आणि तो तिकडे, हाही एक मार्ग होता. तो मनात आला तसा त्याने झटकून टाकला, कारण दुसऱ्याचा श्वास ऐकल्याशिवाय झोप कशी लागते हे तो विसरून गेला होता. शिवाय डाग म्हणजे डागच असेल कशावरून. असतात माणसाला डाग. तेव्हा त्याने तेच केलं जे त्याच्या धंद्यातल्या माणसाने केलं असतं, आणि दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं. गच्चीखालच्या खोलीत, दार लावून, दोन आरसे समोरासमोर ठेवून, त्याने चिकटपट्टीचा एक तुकडा डागाच्या बरोबर अर्ध्या भागावर लावला. उरलेला अर्धा उघडा ठेवला. एक अर्धा बदलतो का बघायचं. बदलला तर डॉक्टरकडे जायचं. एका नजरेत निकाल द्यायचा नाही. पट्टी बसली तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की तो शीळ घालत गच्चीवर गेला. कॉलर त्याने आत दुमडली होती आणि टोपी खोलीतच ठेवली होती, कारण मान झाकली तर परीक्षा कसली.

पण मनाच्या तळाशी त्याला माहीत होतं की परीक्षा डागाची नाही. पट्टी तिला दिसणार होती. डागाकडे बघून न बघितल्यासारखं करता येतं, पट्टीकडे कसं करणार? तिने विचारायलाच हवं होतं, हे काय, काय झालं, आणि मग त्याने सांगितलं असतं, आणि दोघांनी मिळून घाबरता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी थांबला. ती मागून आली. कॉलर उलटली. तिचं बोट आत फिरलं, पट्टीपर्यंत आलं, आणि थांबलं. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग बोट पुढे सरकलं, पट्टीला वळसा घालून, न्हाव्याच्या ब्रशसारखं. कॉलर बसली. "टोपी," ती म्हणाली आणि टोपी हातात दिली. त्याला वाटलं आपण पायऱ्यांवरून खाली चाललो आहोत आणि पायऱ्या संपत नाहीत.

असे कितीतरी दिवस गेले. ऊन एकही दिवस चुकलं नाही. घरात सगळं नीट चाललं होतं, जरा जास्तच नीट. ती त्याच्या आवडीचं करून वाढायची आणि तो तोंड भरून कौतुक करायचा. तिच्या भावाचा फोन आला, "तुमचं काय दाजी, बारा महिने सुट्टीच. आम्ही इथे स्वेटरावर स्वेटर चढवून बसलोय," आणि तो म्हणाला, "या की मग, गच्चीवर वाळत घालतो तुम्हाला," आणि पलीकडे मेहुणा पोट धरून हसला. ती शेजारीच उभी होती. तिने हसू तोंडावर आणलं, पण ते डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि आता ती कशाची हेही त्याला धड सांगता आलं नसतं. शरीरात आपल्या नकळत काहीतरी वाढत असतं, त्याची. पण त्याहून जास्त त्या दुसऱ्या गोष्टीची, जी घरात वाढत होती, पाटपाणी घेत होती, कॉलर नीट करत होती. गच्चीवर पत्र्यांच्या ओळींमधून चालताना त्याला मानेचा उघडा अर्धा भाग वेगळा जाणवायचा, तिथे ऊन टोचायचं, आणि झाकलेल्या अर्ध्याखाली खाजायचं. तो हात लावायचा नाही. पत्र्याला हात लावायचा नाही.

मग एका दुपारी वारा इतका सुटला की गच्चीवरच्या चौकटी हलायला लागल्या आणि तो काम आवरून लवकर घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार होता. या घरात दुपारी अंधार त्याने कधी बघितला नव्हता. पडदे ओढलेले, खिडक्या बंद, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. आतल्या खोलीतून आवाज येत होता. त्याने तो लगेच ओळखला. इतक्या वर्षांनी ओळखीचं माणूस रस्त्यात पाठमोरं दिसावं, तसं झालं. मांजर होतं.

पलंगावर मोठी बॅग उघडी पडली होती आणि तिच्यात लोकरीचे कपडे. माळ्यावर बांधून ठेवलेले जुन्या शहरातले स्वेटर, मफलर, तिची जाड शाल. ती खाली बसून एकेक झटकत होती आणि प्रत्येक झटक्याबरोबर धुरळा उडत होता आणि तिचा श्वास शिट्टी वाजवत होता.

"हे काय?" त्याने विचारलं.

"ऊन दाखवते आहे स्वेटरांना."

"पडदे ओढून?"

हातातला स्वेटर त्याचा होता, राखाडी, कोपरावर विरलेला. तिने तो मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी बघितलं होतं," ती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात. तेव्हा एवढासा होता, मसुराच्या दाण्याएवढा."

"म्हणून केस."

"ऊन लागू नये म्हणून." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "आणि तुम्हाला दिसू नये म्हणून. दोन्हीसाठी. आता खोटं कशाला बोलू."

तो दाराच्या चौकटीला टेकला. राग येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. राग यायला पायाखाली जमीन लागते.

"रोज सकाळी वाटायचं, आज सांगू," ती म्हणाली. "कॉलर उलटली की वाटायचं. मग शाळेत जायचे. पोरांबरोबर एक लांब सूर लावायचे, तो पुरा व्हायचा, आणि वाटायचं, उद्या सांगू." तिने मान वर केली. "तुम्ही पट्टी लावलीत तेव्हा कळलं की तुम्हाला कळलंय. तरी तुम्ही बोलला नाहीत. मग मला वाटलं, माझ्यासाठीच बोलत नाहीत. तेव्हापासून झोप नाही मला. परत जाऊ या आपण. तिकडे ऊन नाही."

"तिकडे तुला जमणार नाही."

"आधी जमत होतं की."

"जमत नव्हतं. मी ऐकलंय." त्याने पुढे होऊन स्वेटर तिच्या मांडीवरून काढून घेतला. तो बॅगेत टाकला, बॅग बंद केली, उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, धुरळ्यापासून दूर. परत आला तेव्हा ती तशीच बसली होती, हात तसेच, घडी घालायला काही उरलं नसल्यासारखे. त्याला तिची भीती वाटत होती आणि तिच्यासाठीही वाटत होती, आणि या दोन भीती त्याला वेगळ्या करता येत नव्हत्या. तो म्हणाला, "संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ. दोघं. ते काय म्हणतील ते म्हणू देत."

"हो."

"आधी पट्टी काढ. बघ काय झालंय."

"मी कशाला? डॉक्टर बघतील."

"तू बघ. मला मागचं दिसत नाही."

तो स्टूल घेऊन खिडकीशी बसला, खिडकीकडे पाठ करून, आणि हात मागे नेऊन पडदा सरकवला. ऊन एकदम आत आलं, जमिनीवर, भिंतीवर, पलंगाच्या पायावर. तेच ऊन, ज्यात ती जिना गात चढली होती. त्याने शर्टाची वरची बटणं सोडली आणि मान पुढे केली. ती उठली, त्याच्या मागे आली, खिडकी आणि तो यांच्यामधल्या अरुंद जागेत उभी राहिली. तिची बोटं गार होती. पट्टीचा एक कोपरा सुटला, कातडी ताणली गेली, मग सगळी पट्टी निघाली आणि तिथे पहिल्यांदाच हवा लागली. तो थांबला. मागे शिट्टी वाजत होती, आत, बाहेर, आत. तिचा श्वास नेमका त्या जागेवर येत होता, ऊबदार, तुटक. वस्ताद म्हणायचे, घाई करायची नाही, बघू द्यायचं.

"सारखंच आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे सारखंच. काहीच फरक नाही."

ती फार लवकर बोलली. त्याच्या मानेवर ऊन नव्हतं, हे त्याला आता जाणवलं. समोरच्या भिंतीवर उन्हाच्या चौकोनात तिची सावली होती, आणि तिच्या आत त्याची, बसलेली, बुडालेली.

"जरा बाजूला हो," तो म्हणाला. "उजेड येऊ दे."

ती हलली नाही.